माझ्यानंतर प्याला कोण घेणार

हे लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण आमच्या वडूजच्या ख्रिस्ती मंडळीत किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुणाला छातीचा आजार निघाला, की त्या घरची बाई मागच्या दाराने माझ्याकडे येते. बसते, इकडचं तिकडचं बोलते आणि मग विचारते, "बाई, सुया लय दुखत्यात का?" दुखतात, असं मी खरं तेच सांगते. ती उठते, चपला घालते आणि दारात थांबून जे विचारायला आलेली असते ते विचारते. घरचे परत घेतात का?

त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

*

माझं नाव मार्था. आम्ही ख्रिस्ती माणसं पोरांची पत्रिका मांडत नाही, पण पोरीचं नाव मार्था ठेवलं की तिच्या हाताला जन्मभर काम लागणार हे न मांडताही कळतं. बायबलातली मार्था प्रभू येशू घरी आला तरी चुलीपाशीच होती. मीही तशीच. कुणी बाळंतीण झाली, कुणी तापाने पडलं, की मंडळीतल्या बाया प्रार्थना करत आणि मी पदर खोचत असे.

माझं ठरलेलं काम मुठीचं. आमच्यात रीत आहे की बाई चुलीवर आधण ठेवते तेव्हा शिजवायच्या धान्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकते. ज्वारी असो, तांदूळ असो, दुष्काळात रेशनवर मिळाली तशी लाल मिलो ज्वारी असो. रविवारी उपासनेआधी मी घरोघर पिशवी घेऊन फिरायची आणि साऱ्या मुठी तीत ओतून घ्यायची. उपासना झाली की ते धान्य ज्या घरात चूल पेटली नसेल तिथे जायचं.

माझे यजमान शाळेत शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. ते मंडळीचा कारभार बघणारे वडीलजनही. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, साताऱ्याहून दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचे, प्रभुभोजन द्यायचे आणि जायचे. मधले सारे रविवार मास्तरांचे. त्यांचा आवडता विषय विश्वास. तारण देवाच्या कृपेने, विश्वासाने. माणसाच्या कर्माने नाही. हे ते इतकं मनापासून सांगायचे की रडती पोरंसुद्धा गप्प व्हायची.

घरी येताना मी त्यांना डिवचायची, "अहो, कर्मानं तारण नाही हे कबूल. पण भाकरी कर्मानंच होते, तेवढं प्रवचनात घाला."

"घालतो," म्हणायचे, "भाकरी कडक झाली त्या रविवारी घालतो." आमच्या घरात असं हसणं होतं. ते आधी सांगून ठेवते, कारण पुढे ते फारसं यायचं नाही.

*

खोकला दुष्काळानंतरच्या थंडीत लागला. आधी मी काढ्यावर काढला. मग पदराला रक्त दिसलं, तेव्हा मास्तर मला साताऱ्याला घेऊन गेले. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि माझ्याकडे न बघता मास्तरांना म्हणाले, "टीबी आहे."

मास्तर माझ्या शेजारी बाकावर बसले होते. ते उठले. मला वाटलं, डॉक्टरांना काही विचारायला उठले असतील. ते भिंतीला टेकून उभे राहिले ते निघेपर्यंत बसले नाहीत.

परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. एरवी खिडकी त्यांची. मग त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये पिशवी ठेवली. पिशवीत मोसंबी होती, माझ्यासाठीच घेतलेली. सारा रस्ता ते डोळे मिटून ओठ हलवत होते, आणि मला माहीत होतं की ते माझ्यासाठीच प्रार्थना करत आहेत. मी पिशवीकडे बघत होते. बाहेर काय दिसलं ते मला आठवत नाही.

घरी आलो तर आमची रूथ धावत आली. चार वर्षांची होती. मी हात पसरले, आणि मास्तरांनी तिला मधल्यामध्ये उचलून घेतलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. पण पोर माझ्याकडे झेपावून रडत होती आणि मी भिंतीला पाठ लावून उभी होते. आजाराचं नाव मला साताऱ्यात कळलं, आजार काय ते त्या दारात कळलं.

*

त्या रविवारी मी पिशवी घेऊन निघाले नाही. मला वाटलं, निदान आपल्या घरची मूठ तरी द्यावी. एस्तेरबाई पिशवी घेऊन आमच्या दाराशी आल्या. त्या मंडळीतल्या बायांच्या पुढारी, मनाने वाईट नाहीत. मी डबा पुढे केला.

"तुमचं ऱ्हाऊ द्या, बाई," त्या म्हणाल्या. "तुमी आधी बऱ्या व्हा. आमी समदी प्रार्थना करतोय."

मी डबा धरून उभी राहिले. इतकी वर्षं मी लोकांच्या मुठी गोळा केल्या, आणि माझी मूठ पिशवीत चालेना. आत येऊन मी ती ज्वारी परत मोठ्या डब्यात ओतली.

माझ्या सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. नाव सोनाबाई; सासऱ्यांबरोबर त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण नाव काही बदललं नाही. उपासनेला त्या नेहमी खांबाला टेकून बसायच्या, गुडघ्यांमुळे. त्यांना कुणी मोठ्याने प्रार्थना करताना ऐकलं नव्हतं. मास्तरांना त्याची थोडी लाजच वाटे. आत्याबाईंनी सगळं पाहिलं, राखेत फू फू केलं आणि म्हणाल्या, "एस्तेरच्या तोंडाला धार हाय, पिशवीला मातूर भोक हाय." त्या दिवसांत मी एकदाच हसले, ते तेव्हा.

*

मला सांगलीकडच्या एका क्षयाच्या दवाखान्यात ठेवलं. गावाबाहेर, मोकळ्यावर, लांबच लांब व्हरांडा आणि व्हरांड्यात खाटा. पहाटे थर्मामीटर, मग दूध, मग सुई. पाण्यातून घ्यायच्या कडू पुड्या, त्यानंतर तोंडाला कशाची म्हणून चव राहायची नाही. दुपारी सक्तीची झोप. खाटेखाली थुंकीचं झाकणाचं भांडं. ते भांडं धुणारी माणसं रोज येत आणि हसून बोलत. पहिल्या दिवशी मी ते स्वतः धुवायला उठले तर नर्सबाई ओरडल्या, "पडून राहायचं! तुमचं काम बरं व्हायचं."

मला पडून राहणं येत नव्हतं. मी आजवर देवाच्या आणि लोकांच्या दारी हात भरून गेले होते. आता हात रिकामे, आणि घेणं तेवढं राहिलेलं. दूध घ्या, सुई घ्या, दुसऱ्याने झटकलेलं अंथरूण घ्या. मास्तर ज्याला कृपा म्हणायचे ती हीच असेल, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं. न कमावता मिळालेलं. आणि हेही दिसलं की ती कृपा माझ्यापर्यंत येताना कुणाच्या तरी हातूनच येत होती. त्या हातांना खरूज होती, भेगा होत्या.

शेजारच्या खाटेवर हौसाबाई होती. औंधकडची, शेतकऱ्याघरची, नवरा पलटणीत. यमाईचा अंगारा उशाखाली ठेवून झोपायची. पहिल्या आठवड्यातच तिने माझ्याशी नातं जोडून टाकलं. मला उठवेना तेव्हा ती माझी वेणी घालायची, स्वतः धापा टाकत.

मास्तर महिन्यातून एकदा यायचे. येताना अंडी, मोसंबी, रूथने पाटीवर काय काढलं त्याची हकिगत. मग खिडकीपाशी उभे राहून प्रार्थना करायचे. ती प्रार्थना ऐकायला व्हरांड्यातल्या बाया डोक्यावर पदर घेऊन बसायच्या. इतक्या विश्वासाने मागायचे की देवाला नाही म्हणणं जड जावं. आमेन झालं की ते हात जोडून निघायचे. खाटेशेजारचं स्टूल रिकामंच राहायचं.

एकदा ते गेल्यावर हौसाबाई म्हणाली, "बाई, तुमचं मालक द्येवासंगं लय ग्वाड बोलत्यात. तुमच्यासंगं का वं बोलत न्हाईत?"

मी तोंड भिंतीकडे केलं. तिला कळलं. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आत्याबाई दोनदाच आल्या. वडूजहून विट्यावरून एसटी बदलत, त्या गुडघ्यांनी. रूथला त्यांनी कुंपणाबाहेर लिंबाखाली एका ओळखीच्या बाईजवळ उभं केलं होतं. मी व्हरांड्यातून हात हलवला, तिने हलवला. मग आत्याबाई आत आल्या, थेट खाटेवर बसल्या आणि माझे पाय मांडीवर घेतले.

"आत्याबाई, स्टुलावर बसा. डॉक्टर रागावतील."

"रागवू दे. त्येचं त्यो रागवंल, माझं मी बसंन."

"तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता ना?"

त्या माझे तळपाय चोळत राहिल्या. "मला समूसारकं बोलाया येत न्हाई, पोरी. सांच्याला दारात बसती. मी गप बसती, त्यो बी गप बसतो. त्येला ठावं हाय मी कशापायी बसली ती."

समू म्हणजे मास्तर, शमुवेल. जाताना त्यांनी फडक्यातली बाजरीची भाकरी काढली आणि तिचे दोन तुकडे केले. अर्धी मला, अर्धी हौसाबाईला. रूथची छाती तपासून घेतली, पोरीला काही नाही, असं त्यांनी जाता जाता, पाठ फिरवूनच सांगितलं. त्या दिवशी मी पुड्या तक्रार न करता घेतल्या.

*

हौसाबाई पावसाळ्यात गेली. मी तिच्यासाठी देवाकडे जीव तोडून मागितलं होतं. मास्तरांनाही प्रार्थना करायला लावली होती. एका सकाळी तिला रक्ताची उलटी झाली आणि दुपारच्या झोपेची घंटा व्हायच्या आत संपलं. तिच्या नवऱ्याला तार केली, तो दुसऱ्या दिवशी पोचला. फौजी माणूस, ताठ उभा होता. त्याने रिकाम्या खाटेची चादर नीट केली, चारी कोपरे दुमडून, पलटणीत करतात तशी. मग त्याच चादरीवर डोकं ठेवून रडला.

मला आजही कुणी सांगितलं की मार्थाबाई विश्वासाने बऱ्या झाल्या, तर माझ्या अंगाची आग होते. मग हौसाचा विश्वास काय कमी पडला? ती माझी वेणी घालत होती. मी अजून तिला विसरले नाही आणि मला विसरायचंही नाही.

*

मी बरी झाले. थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, काही निघालं नाही. डॉक्टरांनी मास्तरांना समोर बसवून सांगितलं की आता हिच्यापासून कुणाला धोका नाही. गोळ्या चालू ठेवा, बाकी घरात सगळ्यांसारखी वागवा. मास्तरांनी तिथेच गुडघे टेकून देवाचे आभार मानले. त्यांचे डोळे वाहत होते. ते खोटं नव्हतं.

घरी माझ्यासाठी नवा पेला आणला होता. ओळखू यावा म्हणून त्याच्या बुडाला लाल रंग लावलेला. ताटालाही तसाच ठिपका. मास्तरांचं अंथरूण बाहेरच्या सोप्यात. रूथ माझ्याजवळ यायची, पण तिला सवय लागली होती. मला पाणी देताना ती आधी पेला उलटा करून लाल रंग बघायची. इतक्या शहाणपणाने बघायची की मला तिला रागवताही येईना.

मी बरी झाले म्हणून मंडळीने उपकारस्तुतीची सभा घेतली. मास्तर बोलले, एस्तेरबाई बोलल्या. चहा आला तेव्हा माझा पेला घरून आणलेला होता.

त्या संध्याकाळी मी मास्तरांना विचारलं, "मी बरी झाले यावर तुमचा विश्वास आहे ना?"

"आहे. पूर्ण आहे."

"मग?"

"मार्था, विश्वास आहे. हात पुढं होत नाही गं."

त्यांच्यावर ओरडायचं मी ठरवलं होतं. तो चेहरा बघून मला ओरडता आलं नाही. पोहायला न येणाऱ्या माणसाचा तसा चेहरा मी एकदा विहिरीच्या काठावर पाहिला होता.

*

पाळकसाहेब येणार होते, प्रभुभोजन होतं. आमच्यात एकच प्याला. बाया डावीकडे जाजमावर ओळीने बसतात, पुरुष उजवीकडे. आधी भाकर, मग द्राक्षरसाचा प्याला. पाळक तो प्रत्येकाच्या ओठाशी नेतात, कडा फडक्याने पुसतात, थोडा फिरवतात आणि पुढे जातात. आधी पुरुष, मग बाया. शेवटी उरलेलं पाळक स्वतः पितात. त्या प्याल्यासाठी मी दवाखान्यात दिवस काढले होते. घरचं ताट ठिपक्याचं असलं तरी प्रभुभोजनाचं ताट माझ्या प्रभूचं होतं, तिथे ठिपका नसणार.

आदल्या दिवशी मास्तर दारातून म्हणाले, "उद्या तू शेवटी बस."

"का?"

"कुणाचा विश्वास डळमळू नये म्हणून."

त्यांनी हे सगळ्यांशी बोलून ठरवलं होतं. पाळकसाहेबांच्या कानावरही घातलं होतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी मी ओळीच्या टोकाला बसले. माझ्या आणि आधीच्या बाईच्या मध्ये एका माणसाची जागा आपोआप राहिली होती. पुरुषांचं झालं. प्याला बायांकडे आला. एक, एक करत तो माझ्याकडे येत होता आणि मी डोळे मिटून घेतले होते, म्हणून मला दिसलं नाही. फक्त खांबाकडून कण्हण्याचा आवाज आला, मग पाय ओढत कुणी चालत आलं, आणि कुणीतरी माझ्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन धप्पकन बसलं.

"तिकडं लय वारं लागतंय," आत्याबाई म्हणाल्या. बाहेर पानही हलत नव्हतं.

प्याला माझ्या ओठाला लागला. मी प्याले. पाळकसाहेब घुटमळले, त्यांनी कडा पुसायला फडकं उचललं. आत्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"पुसू नगा, साहेब."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी प्याला घेतला, माझ्या ओठांचा ओलावा होता तिथेच तोंड लावलं आणि सगळा रस पिऊन टाकला. बुडापर्यंत. पाळकसाहेबांना प्यायला काही उरलं नाही. आत्याबाईंनी प्याला परत केला आणि पुढे बघत, कुणाला म्हणून नाही, म्हणाल्या, "माझ्या लिलीला मी येगळं भांडं दिलं व्हतं. मरायच्या वक्ताला बी वरनं पानी वतलं. समदी म्हनली, म्हनून."

लिली म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तापाने गेली एवढंच मला लग्नात सांगितलं होतं; तो ताप छातीचा होता हे आत्ता कळलं. मास्तर तेव्हा रूथएवढे असतील. त्यांनी दाराआडून पाहिलं असेल ते सगळं. मला एकदम सगळं उमगलं, आणि उमगूनही दुखायचं काही कमी झालं नाही.

शेवटची प्रार्थना मास्तरांनी करायची होती. ते उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. आम्ही वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने मी डोळे उघडले तर ते उभेच होते, ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. मग ते तसेच खाली बसले. आमेन आत्याबाईंनी म्हटलं.

*

आत्याबाई त्यानंतर वर्षभराने गेल्या. छातीने नाही, म्हातारपणाने. शेवटचे दिवस त्यांना मी माझ्याच पेल्याने पाणी पाजलं. दुसरा आणला तर तोंड फिरवायच्या.

आता प्रभुभोजनाला मी ओळीत कुठेही बसते. तेवढं झालं. पण माझ्या पलीकडची जागा मला अजून रिकामी वाटते. मुठीची पिशवी परत माझ्याकडे आली. एस्तेरबाईंनीच आणून दिली, आणि आपल्या घरची मूठ पहिली ओतली.

मास्तर अजून बोलतात रविवारी, चांगलं बोलतात. विश्वासावर मात्र त्यांनी त्या दिवसापासून प्रवचन केलेलं नाही. आणि रोज रात्री जेवायला बसताना ते माझा लाल बुडाचा पेला स्वतः घेतात, पाणी ओततात आणि आपल्या ताटासमोर ठेवतात. जेवताना त्याच्याकडे बघत राहतात. कधी कधी हात पेल्यापर्यंत जातो. एकदा त्यांनी तो उचलला, ओठाजवळ नेला आणि ठेवून दिला. आत्याबाई दारात गप्प बसायच्या तशी मी गप्प बसते. जेवणं झाली की ते पाणी मी मागच्या कढीपत्त्याला घालते.

घरचे परत घेतात का, असं दारात थांबून विचारणाऱ्या बाईला आता मी हे सगळं सांगते. एकीने घेतलं, तिच्या लेकीच्या वाटचंही मला दिलं. दुसरा रोज घ्यायला बघतो. ती विचारते, "मग प्याले का वं मास्तर?"

मी म्हणते, "आज नाही प्याले."